पडते पाणी आणि क्रियापदाचा काळ

आदिलाबाद जिल्ह्यातील कुंटाला धबधब्याची छायाचित्रे आता इतकी विपुल झाली आहेत की त्यांच्याविषयी एक स्वतंत्र चित्रप्रकार म्हणून बोलायला हरकत नसावी. दिनदर्शिकांवर, पर्यटनाच्या माहितीपत्रकांत, राष्ट्रीय महामार्गावरील उपाहारगृहांच्या भिंतींवर आणि अलीकडे प्रत्येकाच्या खिशातल्या दूरध्वनीवर हे चित्र भेटते. काळ्या खडकाच्या पायऱ्या, त्यांवरून ओघळणारे दुधासारखे पाणी, पायथ्याशी धुक्याचा थर, कडेला झाडांची हिरवी चौकट. एकही थेंब सुटा नाही, एकही माणूस नाही. तांत्रिक भाषेत सांगायचे तर कॅमेऱ्याचे शटर अर्धा सेकंद, दोन सेकंद, कधी आठ-दहा सेकंद उघडे ठेवून घेतलेले हे चित्र आहे. ते सुंदर आहे हे मान्य करूनच पुढे जाऊ. माझी अडचण त्याच्या सौंदर्याशी नाही. ते कुंटालाविषयी काय विधान करते, याच्याशी आहे.

या विषयावर छायाचित्रकारांत होणारी चर्चा बहुधा एकाच ठिकाणी येऊन थांबते. एक म्हणतो, पाणी रेशमासारखे दिसले पाहिजे. दुसरा म्हणतो, ते रेशीम खोटे आहे, थेंब दिसले पाहिजेत. तिसरा समजूतदारपणे म्हणतो की हा आवडीचा प्रश्न आहे, व्यक्ती तितक्या प्रकृती. तिसऱ्याचे म्हणणे सभ्यपणाचे असल्यामुळे त्यावर वाद संपतो. पण समीक्षेच्या दृष्टीने वाद तेथे सुरू व्हायला हवा. इमान्युएल कांटने १७९० साली सुखद आणि सुंदर यांत जो भेद केला तो येथे उपयोगी पडतो. एखादे मद्य सुखद आहे असे म्हणणाऱ्याने 'मला' हा शब्द जोडावा, कारण तेथे प्रत्येकाची जीभ वेगळी. परंतु 'हे सुंदर आहे' असे म्हणणारा इतरांच्याही संमतीची अपेक्षा करतो, असे त्याचे म्हणणे. रा. भा. पाटणकरांनी हा सगळा विचार मराठी वाचकासाठी उलगडून दाखवला आहे, म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही. दुधाळ पाणी मला आवडते, एवढे म्हणणारा मद्याविषयी बोलत असतो. तेच चित्र चौकटीत बसवून, खाली 'कुंटाला' असे नाव घालून जो भिंतीवर लावतो, तो मात्र दोन दावे करतो: हे सुंदर आहे, आणि हे कुंटाला आहे. दुसऱ्या दाव्याला आवडीनिवडीची सबब पुरत नाही.

कांटच्या त्याच ग्रंथात आणखी एक मौजेची नोंद आहे. शेकोटीच्या ज्वाळांचे बदलते आकार आणि वाहत्या ओहोळाचे बदलते आकार ही खरी सौंदर्ये नव्हेत, असे तो म्हणतो. ती कल्पनाशक्तीचा मुक्त खेळ चालू ठेवतात म्हणून आपल्याला मोह घालतात. वाहत्या पाण्याला स्थिर रूप नाही, असा त्याचा आशय. हे खरे मानले तर छायाचित्रकाराचे काम फार अवघड होते. ज्याला रूप नाही त्याला त्याने रूप द्यायचे आहे, आणि ते रूप शटरच्या उघडझापेतून येणार आहे. म्हणजे पाण्याच्या बाबतीत तटस्थ वेग असा कोणताच नाही. डोंगराचे छायाचित्र १/१००० सेकंदात घेतले काय किंवा दोन सेकंदांत घेतले काय, डोंगर तोच राहतो. पाणी तसे राहत नाही.

थोडे गणित केले म्हणजे हे स्पष्ट होईल. पाच मीटर मोकळे पडल्यावर पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे दहा मीटर होतो. शटर १/१००० सेकंद उघडले तर थेंब त्या अवधीत एक सेंटिमीटर सरकतो. १/६० सेकंदात वीतभराला थोडे कमी. १/८ सेकंदात सव्वा मीटर. पूर्ण सेकंदात दहा मीटर. आता कुंटालाची उंची साधारण ४५ मीटर, म्हणजे दीडशे फुटांच्या आसपास, सांगितली जाते. त्यातला चाळीस मीटरांचा भाग तीस सेंटिमीटर उंचीच्या कागदावर छापला तर १/६० सेकंदातली ती वीत कागदावर जेमतेम सव्वा मिलिमीटरची रेघ होते, आणि १/८ सेकंदातला सव्वा मीटर सुमारे एक सेंटिमीटरची. दूरवरून संपूर्ण धबधबा टिपताना जो वेग पाणी गोठवतो, तोच वेग जवळून एका धारेवर भिंग रोखले की तिचा झोत करून टाकतो. तेव्हा 'अमुक वेग चांगला' हा सल्ला अंतर सांगितल्याशिवाय निरर्थक असतो. पण शिकवणारे वेगाचा आकडा तेवढा सांगतात आणि शिकणारे तो पाठ करतात.

यावर एक पक्ष असा की डोळ्याला जसे दिसते तसे टिपावे. आणि त्यासाठी १/३० सेकंद किंवा त्याच्या जवळपासचा आकडा पुढे केला जातो. हा पक्ष प्रामाणिक आहे, तथापि तो डोळ्याला कॅमेरा समजतो. धबधब्यासमोर उभे राहिल्यावर डोळा एकच एक गोष्ट करीत नाही. कड्याच्या ओठावरून सुटलेल्या पाण्याच्या एखाद्या गोळ्याचा पाठलाग केला की तो सुटा दिसतो. त्याच्या कडा, त्याचे फुटणे, त्यातून निघालेले तुषार हे सारे दिसते. तीच नजर मागच्या खडकावर स्थिर केली की पुढचे पाणी रेघारेघांचा पडदा होते. डोळा क्षणात पाण्याबरोबर खाली उतरतो, क्षणात खडकाजवळ थांबतो, आणि या दोहोंच्या ये-जा करण्यातून 'पडणे' नावाचा अनुभव तयार होतो. एवढेच नव्हे तर बराच वेळ पाण्याकडे टक लावून मग शेजारच्या खडकाकडे पाहिले तर खडकच वर सरकू लागल्याचा भास होतो. रॉबर्ट ॲडम्स याने १८३४ साली स्कॉटलंडमधील फॉयर्सच्या धबधब्यावर हा अनुभव नोंदवला आणि तेव्हापासून मानसशास्त्रात त्याला धबधब्याचेच नाव मिळाले आहे. कुंटालाच्या पायथ्याशी तो कोणालाही घेता येईल. जेथे पाहणाऱ्याचा खडकही स्थिर राहत नाही, तेथे डोळ्याला दिसते तसे कोणत्या आकड्यात पकडणार?

मला या प्रश्नाचा विचार करताना छायाचित्रणाच्या पुस्तकांपेक्षा शाळेतले मराठी व्याकरण अधिक उपयोगी वाटले. 'पाणी पडले', 'पाणी पडत आहे' आणि 'पाणी पडत असते' ही तीन वाक्ये पाहा. क्रिया एकच, कर्ता एकच; पण पहिले वाक्य झालेल्या एका घटनेचे आहे, दुसरे चालू असलेल्या क्रियेचे, आणि तिसरे, ज्याला व्याकरणकार रीतिवर्तमानकाळ म्हणतात, ते रीतीचे, नेहमीच्या स्थितीचे. शटरचा वेग निवडणे म्हणजे क्रियापदाचा काळ निवडणे होय. १/१००० सेकंदाचे चित्र म्हणते, पाणी पडले. हे असे, या क्षणी, पुन्हा नाही. १/१५ सेकंदाच्या आसपासचे चित्र म्हणते, पडत आहे. धारेला अजून वजन आहे, तिच्या कडा फाटलेल्या आहेत, खाली काय होणार हे ठरायचे आहे. चार सेकंदांचे चित्र म्हणते, पडत असते. त्यात काल, आज, उद्या यांचा भेद उरत नाही. ते घटनेविषयी बोलत नाही, स्वभावाविषयी बोलते. कोणताही काळ चूक नसतो; चूक होते ती संदर्भाने. ज्याचे घर काल वाहून गेले त्याच्याविषयी 'नदीला पूर येत असतो' असे लिहिणारा बातमीदार व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतो.

कुंटालाच्या बाबतीत रीतिवर्तमानकाळ का खटकतो, ते आता सांगता येईल. कुंटाला पडत असत नाही. कडेम नदीचा हा प्रपात पावसाच्या पाण्यावर जगतो. आषाढ-श्रावणात तो गढूळ, तांबूस, अंगावर येणारा असतो. आश्विन-कार्तिकात पाणी निवळते आणि त्याच्या अनेक धारा वेगळ्या ओळखू येतात. माघापर्यंत त्या बारीक होतात आणि उन्हाळ्यात खडकाचा बराचसा भाग उघडा पडतो. इतक्या अवस्था असलेल्या पाण्याचे चित्र वर्षभर एकाच दुधाने रंगवले जाते. त्याचे कारणही तांत्रिक आहे. शटर उघडे राहते तितका वेळ फेसाचा पांढरा उजेड एकावर एक साचत जातो, आणि पाण्याचा स्वतःचा रंग, मातीचा, पाल्याचा, आभाळाचा, त्यात लोपतो. श्रावणातला लोंढा आणि कार्तिकातली धार यांतले अंतर मिटते. बोथ-नेरेडिगोंडाच्या डोंगरांत पाऊस कसा झाला, हे ज्या पाण्याकडे पाहून कळू शकते, ते पाणी चित्रात काहीच सांगेनासे होते.

याची एक बाजू अशी आहे की तिच्याविषयी केवळ सौंदर्यशास्त्राच्या भाषेत बोलणे अप्रशस्त वाटावे. कुंटालाच्या डोहांत उतरून माणसे, बहुधा तरुण मुले, बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या आहेत. छायाचित्रांमुळे ती बुडाली असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या प्रतिमेने त्यांना तेथे बोलावले ती प्रतिमा पाण्याचा जोर पुसून टाकते, हे खरे आहे. दीर्घ उघडझापेत धबधब्याच्या पायथ्याचा खवळलेला डोह गुळगुळीत होतो. लाटांचे उंचवटे एकमेकांत मिसळून सपाट धुके तयार होते. पाय सोडून बसावे असे वाटते. जुलै २०२२ मध्ये याच कडेम नदीला असा पूर आला की खाली असलेल्या कडेम प्रकल्पात त्याच्या विसर्गक्षमतेहून अधिक पाणी येऊन धरणच वाचते की नाही अशी भीती उभी राहिली होती. त्या नदीचे भिंतीवरचे चित्र मात्र शयनगृहात लावण्याइतके शांत असते.

येथे थोडे भाषेकडे वळू. मराठीने धबधब्याला जे नाव दिले ते आवाजाचे आहे. धबधब, धो धो, खळखळ, झुळझुळ: आपले पाण्याविषयीचे शब्द कानाने घडवलेले आहेत. तेलुगूतला 'जलपातं' हा शब्द संस्कृतातून आलेला, आणि तो पडण्याविषयी बोलतो. आदिलाबादेत या दोन्ही भाषा शेजारी नांदतात. एकाच पाण्याला एक भाषा कानाने ओळखते, दुसरी डोळ्याने. छायाचित्र तर जन्मतः मुके. त्यात आवाज यायचा असेल तर तो आकारातूनच, धारेच्या फाटक्या कडांतून, खडकावर आपटून उलट उडालेल्या पाण्यातून यावा लागतो. दुधाळ चित्राने धबधब्यातली धबधब काढून घेतली की मराठीपुरते तरी त्याचे नावच काढून घेतले. आणि 'कुंटाला' या विशेषनामाचे काय? लोक त्याचा संबंध शकुंतलेशी जोडतात आणि दुष्यंताची कथा सांगतात. पण तेलुगूत कुंट म्हणजे तळे, लहान जलाशय. कुंटाला हे तळ्यांचे ठिकाण, असाही अर्थ लावला जातो. मला तो अधिक पटतो. म्हणजे ज्याने हे नाव ठेवले त्याचे लक्ष पडणाऱ्या पाण्याइतकेच, किंबहुना अधिक, थांबलेल्या पाण्याकडे होते. आजच्या शेकडो चित्रांत ही तळी धबधब्याचे पायपुसणे होऊन खाली पडलेली असतात.

तळ्यांवरून सहस्रकुंडाची आठवण होणे अपरिहार्य आहे. नांदेड जिल्ह्यातील इस्लापूरजवळचा पैनगंगेवरचा हा धबधबा मराठी पर्यटकाला अधिक परिचयाचा. त्याच्याही नावात पाण्याचे पडणे नाही, कुंडे आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत इस्लापूरचे मंडळ आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातच होते. किनवट आणि राजुरा या तालुक्यांबरोबर ते तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आणि उलट दिशेने नांदेडकडचे मुधोळ, भैंसा आदिलाबादेत आले. म्हणजे पोचेरा आणि सहस्रकुंड हे दोन प्रपात एकेकाळी एकाच तालुक्याच्या दप्तरात होते. सीमा आखणाऱ्यांनी त्यांना वेगळे केले, आणि दुधाळ शटरने पुन्हा एक केले, असे विनोदाने म्हणता येईल. पण प्रत्यक्षात ही पाणी किती निराळी आहेत! पैनगंगा मोठी नदी. पावसाळ्यात सहस्रकुंडाला तिचे पाणी काळ्या खडकातून रुंदीने कोसळते आणि उंचीपेक्षा त्याचा पसारा भय घालतो. पोचेराची उंची वीसेक मीटरच, पण पाणी एका खोल डोहात गोळा होते. कुंटाला पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, प्रत्येक टप्प्यावर पुन्हा पडतो. तिघांची दोन-दोन सेकंदांची चित्रे शेजारी ठेवून नावे झाकली तर फरक खडकावरून ओळखावा लागेल, पाण्यावरून ओळखता येणार नाही. ज्या शैलीत नायकच ओळखू येत नाही तिला व्यक्तिचित्र कसे म्हणावे?

दुधाळ पाण्याच्या बाजूने इतिहासाचा दाखला दिला जातो, तोही तपासला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील थोर निसर्गछायाचित्रांत पाणी असेच दिसते हे खरे. टिमथी ओसलिव्हन याने अमेरिकेतील स्नेक नदीवरच्या शोशोनी धबधब्याची १८६८ आणि पुन्हा १८७४ साली सरकारी सर्वेक्षणांसाठी जी चित्रे घेतली, त्यांत पाणी वितळलेल्या काचेसारखे आहे. परंतु ओल्या काचेच्या तत्कालीन तंत्राला सेकंदांचा उजेड लागत असे. पाण्याला दुसरे रूप देणे त्याच्या हातात नव्हते. ओसलिव्हनचे मोठेपण असे की त्याने ही मर्यादा ओळखून चित्राचा सगळा भार खडकावर, दरीच्या भिंतींवर, कड्याच्या काठावर उभ्या असलेल्या एकाकी माणसावर टाकला. पाणी हे त्याच्या चित्रातले मौन आहे, बोलतात बाकीचे. त्याच सुमारास, १८५७ साली, फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने सेत येथे समुद्राची फुटती लाट टिपली. मोकळ्या समुद्रावरचा झगझगीत उजेड त्याच्या मदतीला होता, आणि गोठलेली लाट पाहून त्या काळचे लोक थक्क झाले. दोघांनीही आपल्या साधनाशी झगडून जे मिळवता आले ते मिळवले. एकाची अडचण दीडशे वर्षांनी दुसऱ्याची हौस व्हावी, आणि तिच्यासाठी भिंगापुढे मुद्दाम काळी काच लावून दिवसाचा उजेड कमी करावा लागावा, ही अभिरुचीच्या इतिहासातली गमतीदार गोष्ट आहे.

आपल्याकडे मधला एक काळ असाही होता की निवडीचा प्रश्नच नव्हता. अग्फा क्लिक-३ या साध्या कॅमेऱ्यात शटरचा वेग निवडण्याची सोय नव्हती. ज्यांच्याकडे बरे कॅमेरे होते त्यांनाही शंभर एएसएची फिल्म, ढगाळ श्रावण आणि दरीतला उजेड एवढ्या सामग्रीत हातात धरून १/३० किंवा १/६० सेकंदावाचून गत्यंतर नसे. घरोघरच्या जुन्या अल्बमांत धबधब्यासमोर रांगेने उभ्या कुटुंबांची जी चित्रे सापडतात, त्यांत मागचे पाणी म्हणूनच पुष्कळदा फार चांगले उतरले आहे: थोडे फाटलेले, थोडे ओघळलेले, वजनदार. कोणी तिकडे लक्ष देऊन ते टिपले नव्हते. आज २०१७ पासून आयफोनमध्ये, आणि त्यानंतर इतरही दूरध्वनींत, हलत्या चित्राच्या अनेक चौकटी एकत्र मिसळून बोटाच्या एका सरकवण्याने दुधाळ पाणी मिळते. जी गोष्ट साधायला तिपाई, काळी काच आणि चिकाटी लागत असे ती फुकट झाली. एरवी असे झाले की कला पुढे सरकते. येथे मात्र आवड तेवढी सार्वत्रिक झाली आणि निवड नाहीशी झाली.

तर मग पाणी गोठवावे काय? त्या पक्षाचा मोठा आधार म्हणजे आर्थर वर्दिंग्टनची हकीगत. या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १८७० च्या दशकापासून पुढे अनेक वर्षे, द्रवात थेंब पडला असता काय घडते ते विजेच्या ठिणगीच्या उजेडात क्षणभर पाहून हाताने रेखाटले. त्याची रेखाटने अत्यंत सुबक, सममित. मुकुटाचे सगळे काटे सारखे. १८९४ च्या सुमारास त्याला तोच क्षण छायाचित्रात पकडता आला तेव्हा प्रत्येक उसळी वाकडी, अपुरी, वेगळी निघाली. इतकी वर्षे तो डोळ्यासमोरचे वाकडेपण बाजूला सारून मनातला आदर्श मुकुट काढीत होता, हे त्याने स्वतःच पुढे १९०८ च्या ग्रंथात सांगून टाकले. वेगवान शटरचे नैतिक बळ येथे आहे: ते आदर्शाला बळी पडत नाही. पण तेच बळ संपूर्ण धबधब्यावर लावून पाहावे. १/२००० सेकंदात कुंटालाचा अख्खा कडा टिपला की पाणी मिठाच्या ढिगासारखे, फुटलेल्या काचेसारखे दिसते. एकेक कण खरा, आणि पडणे नाहीसे. वर्दिंग्टनजवळ एक थेंब होता. म्हणून त्याचा क्षण अर्थपूर्ण झाला. कोट्यवधी थेंबांचा एकच क्षण ही केवळ गर्दी होते.

क्षण केव्हा अर्थपूर्ण होतो याचे आपल्या जवळचे उदाहरण रघुबीर सिंग यांच्या गंगेवरील छायाचित्रांत आहे. १९८५ सालच्या काशीच्या पुरात सूर मारणारा माणूस त्यांनी हवेत पकडला. तेथे गोठणे अटळ आहे, कारण चित्राचा विषय पाणी नसून पाणी आणि देह यांच्यातले अजून न मिटलेले अंतर हा आहे. शटर थोडे जरी रेंगाळले असते तर तो माणूस डाग झाला असता आणि पुराचे भयही त्याच्याबरोबर गेले असते. वेग येथे आवडीतून आलेला नाही. विषयातून आला आहे.

मर्ढेकरांच्या परिभाषेत दुधाळ चित्राचा एक बचाव करता येतो आणि तो मी दुबळा मानीत नाही. लयीची तत्त्वे म्हणून त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल सांगितले. कठीण, टोकदार, काळा खडक आणि त्यावर मऊ, कडा नसलेले, पांढरे पाणी हा विरोध इतका शुद्ध आहे की चित्र आपोआप तोलले जाते. खरे आहे; म्हणूनच असे पहिले चित्र पाहताना आपण थांबतो. परंतु हा विरोध तंत्राने पुरवलेला असतो, त्या स्थळाने नव्हे. म्हणून तो दहाव्या चित्रात पाठ झालेला असतो. स्थळाने पुरवलेला विरोध कुंटालाला भरपूर आहे: वरच्या टप्प्यावर फुटलेली धार आणि खालच्या टप्प्यावर तिचेच पुन्हा एक होणे, गढूळ लोंढ्याच्या कडेने झिरपणारे स्वच्छ पाणी, कोसळणे आणि तळ्यातले थांबणे. तो दाखवायला एकच वेग पुरणार नाही हे उघड आहे. कदाचित एकच चित्रही पुरणार नाही.

आणि दीर्घ उघडझाप केव्हा योग्य, याचेही उत्तर स्थळच देते. पोचेराच्या खोल डोहावर फेसाचे पुंजके हळूहळू फिरत असतात. १/१२५ सेकंदात ते पाण्यावर पडलेल्या कापसासारखे दिसतात आणि डोह निश्चल भासतो. शटर दहा-पंधरा सेकंद उघडे ठेवले तर प्रत्येक पुंजका आपला मार्ग आखून जातो. कागदावर वर्तुळे उमटतात, आणि वरून संथ दिसणारे पाणी कोठे कोठे वळून आत खेचते आहे ते दिसू लागते. उघड्या डोळ्याला न दिसणारा भोवरा येथे दीर्घ शटरने दाखवला. ज्या साधनाने कुंटालाच्या पायथ्याचा जोर लपवला, त्याच साधनाने पोचेराच्या पाण्याचा स्वभाव उघड केला. आणि येथे 'पाणी फिरत असते' हा रीतिवर्तमानकाळ अगदी खरा आहे. असे चित्र कोणी डोहाच्या काठी फलकावर लावले तर ते 'पोहू नये' या अक्षरांपेक्षा अधिक वाचले जाईल असे मला वाटते.

माझी स्वतःची आवड विचारली तर ती मधल्या वेगांची आहे. श्रावणातल्या कुंटालाला, पायथ्यापासून थोडे दूर राहून, १/८ ते १/३० सेकंद. त्यात मातीचा रंग शिल्लक राहतो आणि धारेला वजन राहते. तिचे धागे दिसतात, पण ते विणून गुळगुळीत झालेले नसतात. पुष्कळ चित्रे वाया जातात, कारण या वेगात पाणी काय आकार घेईल हे आधी सांगता येत नाही. दहांतले एखादे जमते. दुधाळ चित्र दहाच्या दहा वेळा जमते, हीच मला त्याच्याविरुद्धची मोठी तक्रार वाटते.

आता राहिली माणसे. कुंटालाच्या खडकातील नैसर्गिक कपारीत सोमेश्वराचे स्थान आहे. महाशिवरात्रीला तेथे भाविकांची गर्दी होते. माघ वद्यात धारा बारीक झालेल्या असतात. या धबधब्याचे वर्षातले सर्वांत वर्दळीचे रूप म्हणावे ते हेच, आणि छायाचित्रांत सर्वांत दुर्मिळही हेच. यामागेही पुन्हा शटर आहे. दोन सेकंदांत चालणारा माणूस धूर होतो, दहा सेकंदांत तो उरतच नाही. म्हणून रेशमी पाण्याचा शोधक लोक जाण्याची वाट पाहतो, पहाटे येतो, किंवा संगणकावर त्यांना पुसतो. परिणामी या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे गोंड, कोलाम, गावोगावचे तेलुगू आणि मराठी शेतकरी, कडेवर मूल घेऊन शेकडो पायऱ्या उतरणाऱ्या बाया, यांच्यापैकी कोणीही कुंटालाच्या प्रसिद्ध रूपात नाही. जणू ही जागा कालच सापडली. शिवरात्रीच्या दिवशी तेथे कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला पाण्याकडे पाहून वेग ठरवता येणार नाही. ओल्या खडकावर पाय जपून टाकणाऱ्या माणसाचा तोल दिसायला हवा, ओंजळीतून गळणारे पाणी दिसायला हवे, आणि मागे ती बारीक धार. १/१२५ सेकंदाच्या आसपास हे सर्व जमेल. धार त्यात कदाचित सामान्यच दिसेल. त्या दिवशी ती असतेही तशीच.